दादाची छाती आणि मिरचीच्या चुंगड्या

दादाला स्लीपरने आणू नये असं माझं मत होतं आणि ते मी दवाखान्यात सगळ्यांसमोर सांगितलं होतं. दादाचं मत उलट. एसीच्या डब्यात खिडकी उघडत नाही, आणि खिडकी उघडत नसेल तर आपण प्रवास करतोय की आपल्याला फ्रीजमध्ये ठेवलंय हे कळत नाही, असं तो डॉक्टरांना म्हणाला. डॉक्टर हसले. पेशंट बोलायला लागला की डॉक्टर खूश होतात. त्यांना त्याच्याबरोबर चेन्नईपासून चंद्रपूरपर्यंत बसायचं नसतं.

दादा माझा मोठा भाऊ. वरोऱ्याला राहतो, एस.टी.त कंडक्टर होता, आता निवृत्त. त्याच्या हृदयाच्या नळ्या बंद झाल्या तेव्हा त्याचा मुलगा म्हणाला, इकडे चेन्नईला आणा, इथे चांगला दवाखाना आहे. आणलं. ऑपरेशन झालं. मग मुलाची रजा संपली. वहिनीचे गुडघे असे की तिला फलाटावरून डब्यात चढवायलाच दोन माणसं लागतात. राहिले मी. मी आरमोरीला मुलींच्या वसतिगृहाची गृहपाल आहे, नवरा आहे, घर आहे, पण आमच्या माहेरी ज्या कामाला कोणी नसतं ते काम माझं असतं. मला कोणी विचारत नाही, मीही आता विचारायची वाट पाहत नाही.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन नीट समजावलं होतं. छातीचं मधलं हाड कापून पुन्हा तारेने बांधलेलं आहे. ते जुळायला महिने लागतात. तोवर सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे जोराचा खोकला. खोकला आलाच तर उशी छातीशी घट्ट आवळून धरायची, म्हणजे हाडावर जोर येत नाही. आणि छातीतून टक् असा आवाज आला, तर घरी न जाता आधी दवाखाना गाठायचा, एक्स-रे काढायचा. त्यासाठी त्यांनी एक छोटी कडक उशी दिली होती. मी दादाला सांगितलं, ही उशी तुझ्या हातातून सुटायची नाही. तो म्हणाला, "तिकीटपेटी सुटली नाई कधी हातातून, उशी काय सुटंल?"

रात्र ठीक गेली. त्याला खालचा बर्थ होता, मला त्याच्यावरचा मधला. समोर दिल्लीला जाणारं एक म्हातारं जोडपं होतं. ते झोपून होतं आणि झोपूनच राहिलं, त्यामुळे त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. सकाळी मधला बर्थ पाडला, दादाला टेकून बसवलं, इडली भरवली, गोळ्या दिल्या. गाडी खम्ममला लागली. स्टेशनात माणसं फार दिसली म्हणून मी दादाला बजावलं की कोणी आलं तर हा रिझर्वेशनचा डबा आहे म्हणून सांग, आणि थर्मासमध्ये गरम पाणी भेटतं का पाहायला उतरले. पाणी भेटलं. चढताना दाराशीच नाकाला झोंबलं. मला वाटलं पलीकडच्या डब्यात कोणी काही तळत असेल.

आमच्या खणात सहा-सात बायका बसल्या होत्या. दोन्ही बर्थखाली, मधल्या जागेत, वाटेत, जिथे पाय ठेवायला जागा होती तिथे युरियाच्या जुन्या पोत्यांच्या चुंगड्या कोंबलेल्या. प्रत्येक चुंगडीचं तोंड सुतळीने शिवलेलं आणि शिलाईच्या फटींतून लाल लाल मिरच्यांची टोकं बाहेर आलेली. आमच्याकडच्या बायका दरवर्षी धान कापून झालं की मिरची तोडायला तेलंगणात जातात. शेताच्या कडेला ताडपत्रीची पालं टाकून राहतात, आणि मजुरीचा बराच भाग मिरचीच्या रूपातच घेऊन परत येतात. ते मला माहीत होतं. ती मिरची कशाने येते याचा मात्र मी कधी विचार केला नव्हता. माझ्या भावाच्या बर्थखालून येते.

आणि भाऊ काय करत होता? तो त्यांना बसवत होता. "तुमी तिकडे सरका, बाई. ते चुंगडं उभं करा, आडवं नोका करू. पोरगी खिडकीजवळ घ्या." आयुष्यभर वरोरा-चिमूर गाडीत जे केलं तेच. रिझर्वेशनचा डबा आहे हे सांगायचं सोडून त्याने फलाटावरच्या बायकांना खिडकीतून हाक मारून आत घेतलं होतं, हे मला नंतर कळलं. लगेच कळलं असतं तर मी त्याच वेळी बोलले असते.

एका तरुण बाईच्या मांडीवर पोर झोपलं होतं. पोराच्या डोक्याखाली दादाची उशी होती.

मी म्हटलं, "दादा, ती उशी घे."

"झोपलं हाये ते. उठंल ना."

"उठू दे."

त्यावर तो माझ्याकडे असा पाहायला लागला की जणू मी पोराच्या तोंडचं दूध काढून घेत होते. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मी त्या नजरा रोज पाहते, वसतिगृहात. गृहपाल बाई आली म्हणजे मुली असंच पाहतात. त्याने माझं काही बिघडत नाही.

त्यांच्यातली एक पुढारी होती. माझ्याच वयाची, काळी, रुंद हाडाची, दंडावर गोंदलेलं, हातात हिरव्या काचेच्या बांगड्या कोपरापर्यंत. ती सगळ्यात मोठ्या चुंगडीवर बसली होती आणि उठायचं नाव नव्हतं. मी तिला सांगितलं की या माणसाची छाती कापलेली आहे, त्याला खोकला चालत नाही, तुमची पोती दाराकडे न्या. तिने दादाकडे नीट पाहिलं, शर्टाच्या वरच्या बटणापाशी दिसणारी टाक्यांची रेघ पाहिली, आणि म्हणाली की भाऊ तर चांगले बोलून राह्यले, खोकलून तुम्हीच राह्यल्या. खरं होतं. मला येता-येताच ठसका लागला होता.

"तो बोलून राह्यला म्हणूनच त्याले येईल," मी म्हटलं.

दादा म्हणाला, "बाई, ह्या आपल्याच हायेत. पोंभुर्ण्याकडच्या. जय भीम झालं आमचं."

"जय भीम म्हटल्यानं ठसका थांबते का?"

त्यावर मागे कोणीतरी हसलं. पुढारी बाई हसली नाही. तिने मला समजावून सांगायला सुरुवात केली, आणि तिचा समजावण्याचा सूर मला भांडणापेक्षा जास्त झोंबला. जनरलच्या डब्यात पाय ठेवायला जागा नाही. दाराशी पोती ठेवली तर वारंगलला उतरणारे उतरताना उचलून नेतात, मागच्या वर्षी एकीची गेली. दाराशी राखणीला कोणी बसायचं तर बसणारी पडेल. अडीच-तीन महिने उन्हात वाकून तोडलं ते हे आहे, दुसरं काही नाही. मी म्हटलं, माझ्याकडेही हा एकच भाऊ आहे, दुसरा नाही. ती म्हणाली, मंग जपा त्याले, आमच्यावर काऊन ओरडता. मी म्हटलं, जपूनच राह्यली आहे.

एवढं होईपर्यंत गाडी सुटली होती. खिडकीतून वारा आत आला की चुंगड्यांवरची बारीक धूळ उठायची आणि सगळा खण शिंकायचा. बायका शिंकत नव्हत्या. त्यांना काहीच होत नव्हतं, त्यांचं झोपलेलं पोरही शिंकत नव्हतं. मी खिडकी बंद केली तर दादा म्हणाला गुदमरते, उघडली तर धूळ. मी त्याच्या नाकातोंडाला ओला रुमाल बांधला. त्याने तो बोलण्यासाठी दर मिनिटाला खाली ओढला. तो त्यांना विचारत होता की या वर्षी मिरचीला भाव किती, कोणत्या गावाला उतरल्या होत्या, मालक जेवण बरं देतो का. मी दोनदा म्हटलं गप्प बस. तिसऱ्यांदा म्हटलं नाही, टीसीला शोधायला निघाले.

टीसी मला तीन डबे पलीकडे सापडला. तरुण माणूस, चिडलेला, कारण सगळ्या डब्यांत हेच चाललं होतं. माझं पूर्ण ऐकूनही न घेता तो माझ्या पुढे चालायला लागला. मी त्याला मागून सांगत होते की पेशंट आहे, पोती हळूच हलवायला सांगा, आधी मी भावाला दुसऱ्या खणात नेते. तेवढं त्याने ऐकलं असतं तर पुढचं झालं नसतं. पण पोती हलवा हे मीच म्हटलं होतं आणि आजही तेच म्हणेन. त्या खणात माझा भाऊ तसाच पाच तास बसू शकला नसता.

तो येऊन उभा राहिला आणि "किसका माल है ये सब" म्हणून ओरडला. बायकांनी आपापल्या चुंगड्यांवर हात ठेवले. दादा मात्र बोलला. त्याने सरकारी नोकराने सरकारी नोकराशी बोलावं तसं सांगितलं की साहेब, मी महामंडळाचा निवृत्त माणूस, गाडीत थोडं अडजस्ट करावं लागतं. टीसी म्हणाला, अंकल, ये बस नहीं है. मग त्याने पुढारी बाईला उठायला सांगितलं. ती उठली नाही. तिने हात जोडले, पण उठली नाही. त्याने खाली वाकून ती बसली होती त्या चुंगडीचा कान धरला आणि ओढला.

जुनी पोती. उन्हात महिनोन् महिने पडलेलं प्लास्टिक. कान हातात आला आणि चुंगडी बाजूने उभी फाटली. मिरच्या बाहेर पडल्या हे काहीच नव्हतं. तळाशी चुरा आणि बिया साठलेल्या असतात, तो सगळा एकदम वर आला. मला समोरचं काही दिसेना. डब्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत माणसं खोकायला लागली, टीसी सगळ्यांत आधी, आणि तो तोंड झाकून दाराकडे पळाला तो परत आलाच नाही.

आणि दादा खोकायला लागला.

तो खोकला मी विसरणार नाही, म्हणून इथे फार सांगत नाही. मी त्याच्याजवळ पोहोचले, उशी शोधली, उशी पोराच्या डोक्याखाली होती, आता पोर आईच्या कडेवर, आई कुठे ते दिसत नव्हतं. मी दोन्ही तळवे त्याच्या छातीवर टेकवून दाबले. पुरत नव्हतं. प्रत्येक उबळीबरोबर तो पुढे फेकला जायचा आणि माझे हात उचलले जायचे. पुढारी बाईने आपलं गाठोडं त्याच्या छातीवर लावायला पुढे केलं. त्या गाठोड्यावर बोटभर मिरची. मी ते उडवून लावलं. तिने मला एक शिवी दिली, बर्थवर चढली, त्याच्या पाठीमागे बसली आणि दोन्ही हातांनी मागून त्याला कवळ्यात घेतलं, बाळंतिणीला धरतात तसं.

"दाब ना वं," ती मला म्हणाली. "पाहून काय राह्यली?"

मी समोरून दाबलं, तिने मागून आवळलं. मधे माझा भाऊ. तो खोकायचा आणि आम्ही दोघी एकदम जोर करायचो. तिचं तोंड त्याच्या खांद्यावरून माझ्या तोंडासमोर होतं. ती मला म्हणत होती की टीसीला तूच आणलं, आणि मी तिला म्हणत होते की मिरची तूच आणली. दोघींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, अर्थात मिरचीचं. हे किती वेळ चाललं ते मला सांगता येत नाही. उबळी विरळ झाल्या, मग थांबल्या.

त्या सगळ्यात कधीतरी टक् असा आवाज झाला होता.

मी ऐकला. दादानेही ऐकला, कारण त्याने माझ्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच काही बोलला नाही. मी त्याच्या छातीला कान लावला. गाडीचा आवाज, त्याचा श्वास, बाकी काही कळेना. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं की हाड सरकलं असेल तर मी सोडणार नाही, पोलिसात जाईन, एकेकीचं नाव लिहून घेईन.

पुढारी बाई बर्थवरून उतरली. तिने आपले हात पुढे केले, बांगड्या मोजल्यासारख्या खालीवर केल्या आणि म्हणाली, "माही बांगडी फुटली. थेच वाजलं."

"कशावरून?"

"थांबा, दाखवतो."

आणि त्या सगळ्या बायका खाली बसल्या. सांडलेल्या मिरच्या फडक्यात गोळा करता करता बांगडीचा तुकडा शोधायला लागल्या. बर्थखाली हात घालून, म्हाताऱ्या जोडप्याच्या चपलांखाली, माझ्या पिशवीखाली. सिरपूर कागजनगर आलं तरी शोध चालूच होता. शेवटी पोराच्या आईला सापडला. हिरव्या काचेचा नखाएवढा तुकडा. पुढारी बाईने तो माझ्यासमोर धरला. मी म्हटलं, हा आधीचाही असू शकते. तिने तुकडा पदराच्या टोकाला बांधला, गाठ दोनदा आवळली. कोर्टात दाखवायला ठेवावा तसा.

उशी मला परत मिळाली होती. ती मी दादाच्या छातीवर माझ्या ओढणीने बांधून टाकली. तो डोळे मिटून होता, चेहरा पिवळा. त्याला दुखतंय का विचारलं तर मान हलवायचा, आणि ती हो की नाही ते कळायचं नाही.  फाटलेल्या चुंगडीला बायकांनी लुगड्याचं धडपं गुंडाळलं आणि सगळी पोती एकेक करून, ओढत नाही, दोघी-दोघी उचलून, दाराकडे नेली. या वेळी कोणी सांगितलं नव्हतं. एक बाई तिकडे राखण बसली. हे आधी केलं असतं तर, असं मी म्हणणार होते. म्हटलंही.

बल्लारशाला त्या उतरल्या. पुढारी बाई शेवटी खिडकीशी आली. दादाला म्हणाली, "भाऊ, तुमचा नंबर द्या. कसं काय ते इचारतो." दादाने डोळे उघडून हळू आवाजात नंबर सांगितला. आमच्या घरात कोणालाही तोंडपाठ नसलेला स्वतःचा नंबर त्याने एका अनोळखी बाईला सांगितला. तिच्या जवळच्या मुलीने तो मोबाइलमध्ये घातला. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. मीही तिच्याकडे पाहिलं नाही, पाहायचंच असतं तर आधी पाहिलं असतं.

चंद्रपूरला उतरून आम्ही वरोऱ्याच्या गाडीत बसलो नाही. दादाला घरी जायचं होतं, वहिनीने त्याच्यासाठी काहीतरी करून ठेवलं होतं, वहिनीचा भाचा स्टेशनवर घ्यायला आला होता, तोही म्हणाला की उद्या पाहू. मी दोघांना रिक्षात घातलं आणि सरळ एक्स-रेवाल्याकडे नेलं. दादा शर्ट काढून त्या थंड फळीसमोर उभा राहिला. टाक्यांच्या दोन्ही बाजूंना माझ्या बोटांचे वळ होते. पाठीकडे, बरगड्यांच्या खाली, तिच्या बांगड्यांचे.

फोटो आला. डॉक्टरांनी उजेडावर धरून तारा दाखवल्या, एकामागे एक, सगळ्या जागच्या जागी. हाड सरकलेलं नव्हतं. त्यांनी विचारलं की एवढा खोकला आला तेव्हा कोणी आवळून धरलं होतं का. धरलं होतं, मी म्हटलं. कोणी, ते त्यांनी विचारलं नाही.

तीन दिवसांनी मी वरोऱ्याहून निघायच्या तयारीत होते तेव्हा दादाच्या मोबाइलवर फोन आला. तो न्हाणीत होता. मी उचलला.

"भाऊ कसे हायेत?" आवाज मी लगेच ओळखला.

मी सांगितलं की बरा आहे, एक्स-रे काढला, हाडाला काही नाही झालं.

 तिच्या मागे कोणीतरी धान पाखडत असल्यासारखा आवाज येत होता.

"म्हणजे बांगडीच होती," ती म्हणाली.

"असंल."

"असंल नाई. होती."

मी म्हटलं, "एक्स-रे काढल्याशिवाय कसं कळलं असतं?"

"मी सांगतलं होतं ना तुमाले. सगळ्या बायांसमोर सांगतलं. पोलिसाचं नाव काहाडलं तुमी. खिडकीजवळ बसली होती थे माही नातीन दोन दिवस जेवली नाई, आजीले पकडून नेतीन म्हने."

मला त्यावर बोलायचं बरंच होतं. रिझर्वेशनचा डबा, दाराकडची जागा, कोणी आधी काय करायला हवं होतं. पण नातीचं ऐकून मी म्हटलं, "पोलिसात नाही जात मी. सांगा तिले."

"तुमीच सांगा," ती म्हणाली, आणि फोन कोणाच्या तरी हातात दिला. पलीकडे लहान मुलीचा श्वास ऐकू यायला लागला.